दोनदा वर, एकदा खाली

अकराच्या सुमारास हाडांच्या विभागातून चिठ्ठी आली. एक जुनी फाईल हवी होती. रेकॉर्डताईनं चष्मा नाकावर चढवला, चिठ्ठीवरचा नंबर दोनदा वाचला आणि ती रांगांमध्ये शिरली. काम रोजचंच. दिवसातून चाळीस-पन्नास वेळा ती अशी आत जाई आणि बाहेर येई.

इस्पितळाच्या चौथ्या मजल्यावर, पार टोकाला, ही कागदांची खोली होती. खोली कसली, गोदामच. लोखंडी मांडण्यांच्या नऊ रांगा, थेट छताला टेकलेल्या. प्रत्येक रांगेच्या तोंडाशी एक बटण. आत जाताना दिवा लावायचा, बाहेर येताना मालवायचा. खिडक्या दोनच, त्याही उंचावर. त्यामुळे भर दुपारीसुद्धा नवव्या रांगेत संध्याकाळ झाल्यासारखं वाटे. जुन्या कागदाचा वास आणि त्यात मिसळलेला फिनेलचा वास. पहिल्यांदा येणाऱ्याचा जीव गुदमरायचा. रेकॉर्डताईला सहा वर्षांत तो वास येईनासा झाला होता.

तिथली एक पद्धत होती. फाईल काढली की तिच्या रिकाम्या जागी पिवळं कार्ड खोचायचं. फाईल कुठल्या विभागाला गेली, किती वाजता गेली, आणि तळाशी फाईल काढणाऱ्याची सही. कार्ड खोचल्याशिवाय रांगेतून पाय बाहेर टाकायचा नाही.

सहा वर्षं तिनं हे नेमानं केलं. मग एका सोमवारी घरून फोन आला, आई न्हाणीघरात पडली. त्या गडबडीत एक फाईल काढून दिली आणि कार्ड खोचायचं राहून गेलं. फाईल कुठे गेली ते कुणालाच कळेना. डॉक्टर पाऊण तास खोळंबले आणि मग व्हरांड्यात, पंचवीस माणसांसमोर, तिला तोंडाला येईल ते बोलले. चूक तिचीच होती. तिनं ती कबूल केली, अधीक्षकांना लिहूनही दिली. तिच्या लेखी प्रकरण तिथं मिटलं.

खाली नोंदणीच्या खिडकीवर मात्र ते तिथून सुरू झालं.

त्या खिडकीवर बसणाऱ्या बाईला सगळे रेडिओ म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तीही हसून घेई. बाई वाईट नव्हती. कुणाच्या घरी आजारपण आलं तर डबा घेऊन पहिली हीच धावायची. पण गोष्ट कानावर पडली की ती आहे तशी पुढे देणं तिच्यानं होत नसे. थोडं तिखटमीठ लागलंच पाहिजे. पलीकडे औषधांच्या खिडकीवरचा माणूस होताच, हूं हूं करत ऐकायला.

"मी कुठं काय म्हणतेय? लोक म्हणतात ते सांगते," अशी तिची सुरुवात असायची. "रेकॉर्डताईचं हल्ली लक्ष नसतं म्हणे. या रांगेतली फाईल त्या रांगेत घालते."

हे रेकॉर्डताईच्या कानावर आलं तेव्हा ती हसली. एवढी वर्षं काम केल्यावर कोण कुठली फाईल चुकीच्या रांगेत घालील?

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या रांगेतल्या तीन फायली तिला सहाव्या रांगेत सापडल्या. तिन्हींच्या मूळ जागी पिवळी कार्डं होती. सही तिचीच होती. शेवटचं अक्षर लिहून झाल्यावर ती पेन किंचित वर उचलते, तो वरचा फराटासुद्धा तसाच.

 तिनं गुपचूप फायली जागेवर लावल्या.  घालतही असेन, तिला वाटलं. दमतो माणूस.

पण मनात एकदा शंका शिरली की ती स्वस्थ बसू देत नाही. जिना उतरताना ती थांबे, परत वर जाई, दिवा मालवला की नाही ते बघे. कुलूप लावून झाल्यावर ते ओढून बघे, चार पावलं गेल्यावर पुन्हा ओढून बघे. शेवटी तिनं एक छोटी वही केली. 'अकरा दहा, कार्ड खोचलं.' 'अकरा पंचवीस, दिवा मालवला.' 'दीड, जेवायला खाली.' जे जे करायची ते ते लिहायची. घरी आईनं काही विचारलं तर वसकन अंगावर जायची. आई बिचारी गप्प बसायची, आणि मग रात्री हिला झोप यायची नाही.

"एकटीच बडबडते म्हणे," रेडिओनं नवी बातमी दिली. "त्या रांगांमध्ये. मधेच रडते पण."

चार दिवसांनी फरशी पुसणारी मावशी दारात अवघडून उभी राहिली. "ताई, एक विचारू? रागावू नका. दुपारी कशापायी रडत होता? मी हाक मारणार होते, पण म्हटलं, माणसाला रडू द्यावं."

"कधी?"

"दीड-पावणेदोनला."

रेकॉर्डताईनं वही काढली. दीड वाजता ती खाली जेवत होती. वहीत तसंच लिहिलं होतं, तिच्याच अक्षरात. पण अक्षर तर त्या कार्डांवरचंही तिचंच होतं. मग खरं कुठलं मानायचं?

महिन्याभरात अधीक्षकांनी बोलावून घेतलं. ते समोरच्या माणसाकडे न बघता टेबलावरच्या काचेशी बोलत. "तुमच्याबद्दल बरंच कानावर येतंय. आणखी एक चूक झाली तर मला तुम्हाला ठेवता यायचं नाही. घरी कोण असतं तुमच्या?"

"आई."

"सांभाळा," ते म्हणाले. आईला सांभाळा म्हणाले की स्वतःला, ते तिला कळलं नाही.

इस्पितळात एक माणूस तिच्याशी पूर्वीसारखाच वागे. लिफ्टवाले काका. निवृत्तीला आलेले, हळू बोलणारे. स्टुलावर बसून दिवसभर माणसं वर-खाली करायची. लोक त्यांच्यासमोर मोकळेपणानं बोलत, जणू तिथं फक्त स्टूलच आहे.

एका संध्याकाळी लिफ्टमध्ये दोघंच होती. काकांनी बटण दाबलं नाही. 

"पोरी, एक सांगायचंय. आठ दिवस सांगू की नको करतोय."

"सांगा ना, काका."

"आज मी तुला दोनदा वर सोडलं." ते थांबले. "खाली... एकदाच आणतोय."

"मी जिन्यानं उतरले असेन, मधे कधीतरी."

"उतरलीस का?"

तिनं वही उघडली. पानं उलटली, मागे आणली. "नाही," ती म्हणाली. "आज जेवलेही वरच."

"आजचंच नाही हे. आणि अजून एक. ही माणसं इथं काय बोलतात ते माझ्या कानावर पडतंच. फायली इकडच्या तिकडे करते, हे मी आधी ऐकलं. मग तुझ्या फायली हलल्या. रडते म्हणून आधी ऐकलं. मग मावशीनं रडणं ऐकलं. मी फार शिकलेला नाही, पोरी. पण आधी काय आणि नंतर काय, एवढं कळतं."

रेकॉर्डताईला त्या रात्री पहिल्यांदा बरी झोप लागली, हे विशेष. भीती वाटली, नाही असं नाही. पण गेला महिनाभर तिला स्वतःच्या हातांची भीती वाटत होती. त्यापेक्षा ही भीती तिला हलकी वाटली.

त्या आठवड्यातल्या गुरुवारी, दुपारी साडेचारनंतर, काका तिला वर नेत होते. तिसरा मजला गेल्यावर ते म्हणाले, "आज फार वाईट बोलत होती ती रेडिओ. औषधवाल्याला सांगत होती. म्हणे, बघच तू, एक दिवस ही नेमका जीव अडकलेला कागद हरवील, आणि आपल्या डोळ्यांदेखत माणूस जाईल."

लिफ्टचं दार उघडलं तेव्हा खोलीतला फोन वाजत होता.

ऑपरेशन थिएटरची सिस्टर होती. तळमजल्यावर एका आजोबांना आणलं होतं. पोटात काहीतरी फुटलं होतं, थांबायला वेळ नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्यांची वाचा गेलेली, हातही चालत नव्हता. सोबत कुणी नाही, शेजाऱ्यांनी आणून सोडलेलं. "त्यांना कुठलं तरी औषध चालत नाही, एवढं शेजारी सांगून गेले. कुठलं ते माहीत नाही. मागे इथंच होते. फाईल बघा ना, ताई. न चालणाऱ्या औषधांचा तो लाल कडेचा कागद असेल आत. डॉक्टर दहा मिनिटं थांबतायत."

फाईल आठव्या रांगेत होती. लगेच सापडली. पहिलं पान, तपासण्या, जुने रिपोर्ट. जिथं लाल कडेचा कागद असतो तिथं एक पिवळं कार्ड होतं. कार्ड फायलीच्या जागी खोचतात. कागदाच्या जागी कुणी कधी खोचत नाही. खाली तिची सही. तिनं अंगठा फिरवला तसा फराटा पुसट झाला, आणि निळी शाई अंगठ्याला लागली.

पलीकडच्या रांगेत, नवव्यात, दिवा बंद होता. आणि तिथं कुणीतरी पानं उलटत होतं. बोटाला थुंकी लावून, सावकाश, एकेक.

"कोण आहे?" तिनं विचारलं. 

पानं उलटायची थांबली.

"मीच," पलीकडून उत्तर आलं. "दुसरं कोण असणार...?"

मांडणीतल्या फायलींच्या वरून बोटभर फट होती. तिनं तिथून पाहिलं. पाठमोरी बाई. राखाडी स्वेटर, कोपरावर रफू केलेला. तो रफू रेकॉर्डताईनं स्वतः केला होता आणि आत्ता तो स्वेटर तिच्या स्वतःच्या अंगावर होता. तिनं नकळत स्वतःचं कोपर चाचपलं.

"तो कागद... दे," ती म्हणाली. "खाली माणूस आहे."

"हरवलाय ना तो." आवाजात राग नव्हता. दमलेला होता, आणि जरासा गोंधळलेलाही. "तुझ्या हातून. सगळे तसंच म्हणतात."

बाई वळायला लागली. खांदा आधी, मग मान. तिचा चेहरा बघायचा नाही, एवढंच रेकॉर्डताईला कळलं. ती जी पळाली ती जिन्यानं, दोन दोन पायऱ्या टाकत, तळमजल्यावर येऊन थांबली.

नोंदणीच्या खिडकीशी गर्दी नव्हती. रेडिओ चहा पीत होती, औषधवाला खिडकीला टेकून उभा होता.

"काय गं, एवढी धापा टाकत? भूतबित बघितलंस की काय?" रेडिओ म्हणाली आणि औषधवाला फिसकन हसला.

"तू आज म्हणालीस, मी जीव अडकलेला कागद हरवणार."

"मी? अगं बाई, मी कशाला म्हणू? लोक..."

"लोक राहू देत. मी भांडायला आले नाही. आता तूच दुसरं म्हण. रेकॉर्डताईनं तो कागद थिएटरमध्ये नेऊन दिला, असं म्हण."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"नाही असं समज. पण म्हण, तुझ्या पाया पडते. आणि मला नको सांगूस. यांना सांग. एरवी माझ्याबद्दल सांगतेस ना, तसंच सांग. हळूच, वाकून."

रेडिओनं औषधवाल्याकडे पाहिलं. रेकॉर्डताईच्या कपाळावरून घाम गळत होता आणि अंगठा निळा झाला होता. काय वाटलं कोण जाणे, रेडिओनं कप खाली ठेवला. पुढे वाकली, पदर तोंडाशी धरला.

"ऐकलंत का हो... आपली रेकॉर्डताई. त्या आजोबांचा कागद मिळत नव्हता म्हणे. हिनं शोधला आणि धावत नेऊन दिला थिएटरमध्ये. अगदी वेळेवर." पहिली दोन वाक्यं अडखळत आली. पण एकदा सुरू झाल्यावर थांबणं तिला ठाऊक नव्हतं. डोळे चमकायला लागले, हात हलायला लागले. "अहो, हिच्यासारखी बाई मिळायची नाही. सहा वर्षांत कागद इकडचा तिकडे झालेला नाही. आणि घरचं म्हणाल तर, काम सुटलं की वाकडी वाट न करता सरळ घरी. आईचं काय करते, काय करते! पाय चेपते, गोड बोलते. लेक असावी तर अशी!" ती मागे टेकली. "झालं समाधान?"

खिडकीतला फोन वाजला. रेडिओनं उचलला, ऐकलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरत गेला. तिनं फोन रेकॉर्डताईच्या हातात दिला.

"मिळाला हो ताई कागद," सिस्टर म्हणत होती. "डॉक्टर नेमकं तेच इंजेक्शन भरत होते. तुम्ही नीट ऐकून तरी घ्यायचं, दारातून कागद दिलात आणि वळलात. वरती फोन लावला तर कुणी उचलेना, म्हणून इथं केला. थँक्यू म्हणायला."

"कधी दिला मी?"

"हे काय, आत्ता. अजून कॉरिडॉरमध्ये असाल म्हणून मी बघत होते..."

रेडिओनं तिचा दंड धरला. "तू इथंच होतीस," ती पुटपुटली. "माझ्यासमोर होतीस ना गं तू?"

"हो," रेकॉर्डताई म्हणाली. "आणि हे कुणाला सांगू नकोस. चांगलं नको, वाईट नको. माझ्याबद्दल काहीच नको."

आजोबा वाचले. ते कळेपर्यंत ती थिएटरबाहेरच्या बाकड्यावर बसून राहिली. स्ट्रेचरवरून त्यांना बाहेर आणलं तेव्हा तिनं त्यांच्या हाताला हात लावला, तो कोमट होता. महिन्याभरात पहिल्यांदा तिला मोकळं वाटलं. मी चुकले होते, पण एकदाच, असं ती मनात म्हणाली. एकदाच. बाकीचं माझं नव्हतं. वही तिनं कचऱ्याच्या डब्यात टाकली.

बाहेर दिवे लागत होते. लिफ्टपाशी काका स्टूल आवरत होते. तिला बघून ते जागच्या जागी थांबले.

"तू... अजून इथंच?"

"का हो, काका?"

"मघाशी मी तुला खाली आणलं. तासभर झाला असेल. आज पहिल्यांदाच लिफ्टनं खाली उतरलीस ती... म्हणजे वर जायची आणि उतरायची नाही, ती." ते ओठांवर जीभ फिरवत राहिले. "हसत होतीस. मला म्हणालीस, काका, आज कुठं थांबायचं नाही. सरळ घरी जायचंय. आईजवळ."

रेडिओचं बोलणं तिला तेव्हा पुरतं आठवलं. कागदाचं झाल्यानंतरचं, पुढचं.

बस मिळाली ती भरलेली. ती दांड्याला लोंबकळत उभी राहिली, दोन थांबे आधीच उतरली आणि धावत सुटली. ती घराचा जिना चढली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत दिवा होता. तिनं दार पायानं ढकललं.

घरात दुसरं कुणी नव्हतं. आई पलंगावर उशीला टेकून बसली होती. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर फार दिवसांनी असं समाधान.

"आई," ती कुजबुजली. "कुणी आलं होतं का गं?"

"कुणी म्हणजे?" आईनं डोळे उघडले नाहीत. "तूच तर आलीस मघाशी. आज किती मायेनं बोललीस. महिना झाला, तू माझ्याशी धड बोलली नव्हतीस. मी म्हटलं, पोर दमते, जाऊ दे." आईनं गुडघ्यावरची चादर सारखी केली. "बाम चोळलास तेव्हापासून ठणका गेला बघ. अशीच बोलत जा, बाळा. आणि दार लावायला उठलीस ती तिथंच का उभी? ये ना आत."

रेकॉर्डताई उंबऱ्यात उभी होती. इस्पितळातून निघाल्यापासून बसच्या दांड्याशिवाय तिनं कशाला हात लावला नव्हता. घाम डोळ्यांत उतरत होता म्हणून तिनं तळवा चेहऱ्यावरून फिरवला, आणि डोळे असे झोंबले की पुढचं काही दिसेना.

दोन्ही हातांना बामचा वास येत होता. ताजा, कोपरापर्यंत.